कॅथेटरने पायाच्या आणि हृदयाच्या ब्लॉक धमन्या उघडणं

कॅथेटर म्हणजे प्लास्टिकची बारीक, पोकळ, वाकणारी नळी. जांघेतून किंवा मनगटातून ती धमनीत सरकवायची, एक्सरेच्या पडद्यावर बघत ब्लॉकपर्यंत न्यायची आणि आतल्या आत ब्लॉक मोकळा करायचा, याला ॲन्जिओप्लास्टी म्हणतात. छाती उघडावी लागत नाही, पायाला लांब चीर नाही, बहुतेक वेळा पूर्ण भूलसुद्धा लागत नाही, पेशंट टेबलावर जागा असतो. खान्देशात ॲन्जिओप्लास्टी म्हटलं की सगळ्यांना हृदयच आठवतं, पण ही पद्धत जन्मली ती पायात, हृदयापर्यंत ती १३ वर्षांनी पोचली, आणि त्यानंतर पैसा, मोठे अभ्यास, सरकारी योजना सगळं हृदयाकडे पळालं नि पाय मागे राहिला तो आजही थोडा मागेच आहे.

आजार एकच, जागा दोन

धमनीच्या आतल्या भिंतीत चरबी नि कॅल्शियम वर्षानुवर्षं साचत जातं, वाट अरुंद होते, कधी तो थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी बसते. हेच हृदयाच्या धमनीत झालं तर छातीत दुखणं नाहीतर अटॅक, पायात झालं तर चालताना पोटऱ्या दुखणं. कारणंही तीच, तंबाखू, शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, किडनीचा आजार, वय. ठिबकच्या नळीत क्षार साचून शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही तसंच हे, फक्त धमनी जिवंत असते, तिला सूज येते, ती आकसते, जखम झाली की परत भरून येते, आणि पुढची सगळी भानगड या भरून येण्यातच आहे.

पायाच्या आजाराची पहिली खूण म्हणजे ठराविक अंतर चाललं की पोटरी भरून येते नि दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं. धुळे-जळगावकडचा माणूस सांगतो, "चालताना पोटऱ्या भरी येतस", आणि घरचे म्हणतात वात आहे, सायटिका आहे, वय झालं. पुढच्या टप्प्यात रात्री झोपल्यावर पाय दुखतो, माणूस खाटेखाली पाय लोंबकळत ठेवून बसतो तेव्हा जरा बरं वाटतं, आणि शेवटी बोट काळं पडतं. शुगरवाल्यांचं अजून अवघड कारण नसाच बधिर झालेल्या असतात, दुखतच नाही, कपाशीच्या शेतात अनवाणी फिरताना काही टोचलं तरी कळत नाही, आणि त्यात कोणी गरम विटेने शेकलं की भाजल्याची जखम वेगळीच. बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये बर्गर नावाचा वेगळाच आजार दिसतो, चाळिशीच्या आतच बोटं जातात, त्यात धमन्या फार बारीक ठिकाणी बंद होतात म्हणून बलूनचा उपयोग मर्यादित, तिथे तंबाखू पूर्ण सोडणं हाच मुख्य उपचार.

तपासणी सोपी आहे. घोट्याचं वरचं बीपी भागिले दंडाचं वरचं बीपी, उत्तर ०.९ किंवा कमी आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय. याला एबीआय म्हणतात, छोटा डॉप्लर (ध्वनीलहरींनी रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र) नि बीपीचा पट्टा एवढंच लागतं. शुगर किंवा किडनीवाल्यांच्या धमन्या कॅल्शियमने कडक झालेल्या असल्या तर हा आकडा खोटाच जास्त येतो, मग अंगठ्याचं प्रेशर बघतात. २०१० च्या अंदाजानुसार जगात २० कोटींवर लोकांना पायाचा हा आजार होता, आणि त्यातले बरेचसे शेवटी पायाने नाही तर हृदयाने किंवा मेंदूच्या झटक्याने जातात. म्हणजे ज्याचा पाय ब्लॉक त्याचं हृदयही तपासायला पाहिजे, पण उलटं, हृदयाचा पेशंट आला की त्याच्या पायाची नाडी हाताने दाबून बघणं, हे फार कमी ठिकाणी होतं.

नळी कुठून आली

१९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्ड इथे वर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी थेट हृदयात घातली आणि तशीच नळी घेऊन चालत जाऊन एक्सरे काढला. तेव्हा शाबासकी सोडाच, बोलणीच खावी लागली, नोबेल मिळालं ते १९५६ मध्ये, आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासोबत. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरने सुई, तिच्यातून वायर, वायरवरून नळी ही पद्धत काढली, आजही प्रत्येक कॅथलॅबमध्ये, म्हणजे जिथे ही नळीची कामं होतात त्या खोलीत, सुरुवात याच पद्धतीने होते.

खरी उडी मारली चार्ल्स डॉटरने. अमेरिकेत पोर्टलंडला १६ जानेवारी १९६४ रोजी त्याच्याकडे ८२ वर्षांची बाई आली, पाय सडायला लागलेला, सर्जन पाय कापा म्हणत होते नि बाई नाही म्हणत होती. डॉटरने मांडीच्या अरुंद धमनीतून एकाहून एक जाड नळ्या सरकवून वाट रुंद केली, पाय वाचला आणि ती पुढे आपल्या पायांनी चालत राहिली. अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी मात्र फार मनावर घेतलं नाही, युरोपातल्या डॉक्टरांनी घेतलं. तिथूनच ही विद्या आंद्रेआस ग्रुंटझिग शिकला, त्याने झुरिकमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून नळीच्या टोकाला न ताणणारा बलून बसवण्याचे प्रयोग केले, १९७४ मध्ये पायात वापरला आणि १६ सप्टेंबर १९७७ ला ३८ वर्षांच्या पेशंटच्या हृदयाच्या धमनीत फुगवला. योगायोग असा की डॉटर, त्याचा सहकारी मेल्विन जडकिन्स, हृदयाच्या धमन्यांची ॲन्जिओग्राफी (धमनीत डाय म्हणजे एक्सरेत दिसणारं औषध सोडून चित्र काढणं) सुरू करणारा मेसन सोन्स आणि ग्रुंटझिग हे चौघंही १९८५ या एकाच वर्षात गेले.

बलूनने उघडलेली धमनी काही वेळा लगेच मिटायची, काही वेळा सहा महिन्यांत परत अरुंद व्हायची. म्हणून १९८६ मध्ये तुलूझला जाक प्युएल आणि लोझानला उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या धमनीत जाळीची स्टेंट बसवली. स्टेंटने धमनी उघडी राहिली पण जाळीच्या आत नवीन पेशी वाढायला लागल्या, तेव्हा २००० नंतर औषध लावलेल्या स्टेंट आल्या नि हृदयापुरता हा प्रश्न बऱ्यापैकी सुटला.

पायात तेच का चाललं नाही

हृदयातला ब्लॉक साधारण दोन-तीन सेंटीमीटरचा असतो, मांडीतला वीस-तीस सेंटीमीटरचाही असू शकतो. गुडघा दिवसभर वाकतो, आपल्याकडे तर उकिडवं बसणं, मांडी घालणं, शेतात निंदणी करणं हे रोजचंच, त्यामुळे धमनी पिळली जाते, दबते आणि आतली जाळी मोडते. नंतर निटिनॉल या परत आकार घेणाऱ्या मिश्रधातूच्या लवचिक स्टेंट आल्या तेव्हा जरा बरं झालं. गुडघ्याखाली धमनी दोन-तीन मिलिमीटरची, कॅल्शियमने कडक, आणि शुगरवाल्यांचे ब्लॉक नेमके तिथेच.

म्हणून कल्पना निघाली की जाळी मागे ठेवायचीच नाही, बलूनवरच पॅक्लिटॅक्सेल हे औषध लावायचं. २००८ मध्ये थंडर नावाच्या अभ्यासात १५४ पेशंटवर याचा चांगला परिणाम दिसला आणि हे बलून सगळीकडे गेले. मग २०१८ च्या शेवटी २८ अभ्यास एकत्र करून मांडलेल्या विश्लेषणात दोन वर्षांनंतर मृत्यू जास्त दिसले, एकदम खळबळ उडाली, अमेरिकेच्या औषध खात्याने सावधगिरीचा इशारा दिला. २०२० मध्ये स्वीडनच्या २२८९ पेशंटच्या अभ्यासात तसा फरक दिसला नाही आणि २०२३ मध्ये अमेरिकेने इशारा मागे घेतला. गुडघ्याखालच्या भागासाठी २०२३ मध्ये लाइफ-बीटीके अभ्यास आला, २६१ पेशंट, काही वर्षांत विरघळणारी औषधवाली जाळी विरुद्ध साधा बलून, पाय शाबूत नि धमनी उघडी राहिलेले पेशंट एका वर्षाला ७४ टक्के विरुद्ध ४४ टक्के असा निकाल, पुढच्या वर्षी अमेरिकेत तिला परवानगी मिळाली.

बलून की बायपास (शीर जोडून ब्लॉकला वळसा देणारं ऑपरेशन) हे भांडण मात्र मिटलेलं नाही. २०२२ च्या बेस्ट-सीएलआय मध्ये १८३० पेशंट होते, पाय धोक्यात असलेले, आणि ज्यांच्या पायातली बायपासला लागणारी शीर चांगली होती त्यांना ऑपरेशन सरस ठरलं. २०२३ च्या बेसिल-२ मध्ये ३४५ पेशंट, ब्लॉक गुडघ्याखाली, तिथे आधी कॅथेटरने प्रयत्न करणं सरस ठरलं. दोन्ही चांगले अभ्यास, निकाल उलटे! पेशंट वेगळे होते, धमन्या वेगळ्या होत्या, म्हणून "बायपास जुना झाला" असं जो सरसकट सांगतो त्याच्यावर पटकन विश्वास ठेवू नये. आणि फक्त चालताना दुखत असेल तर २०१२ च्या क्लेव्हर अभ्यासात, कंबरेजवळच्या धमनीचा ब्लॉक असलेल्या लोकांत, देखरेखीखाली आठवड्यातून तीनदा चालण्याचा व्यायाम करणारे सहा महिन्यांनी स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त चालू शकले होते, आपल्याकडे हा सल्ला कागदावर असतो पण चालवून घेणारा माणूस कुठे असतो.

हृदयातलं संशोधन

अटॅक चालू असताना लगेच ॲन्जिओप्लास्टी केली तर जीव वाचतो, यावर वाद नाही. वाद आहे तो स्थिर आजाराचा, म्हणजे चढ चढताना छातीत दुखतं पण बाकी ठीक अशा पेशंटचा. करेज (२००७, २२८७ पेशंट) आणि इस्केमिया (२०२०, ५१७९ पेशंट, त्यात भारतातलेही होते) या दोन्हीत चांगल्या गोळ्यांवर स्टेंटची भर घातल्याने मृत्यू कमी झाले नाहीत. २०१७ च्या ऑर्बिटा मध्ये तर निम्म्या लोकांना खोटी, म्हणजे स्टेंट न बसवता, ॲन्जिओप्लास्टी केली नि चालण्याच्या क्षमतेत ठळक फरक आला नाही, पण २०२३ च्या ऑर्बिटा-२ मध्ये दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवून बघितलं तेव्हा छातीचं दुखणं खरोखर कमी झालं. म्हणजे स्थिर आजारात स्टेंट ही दुखणं कमी करायला, आयुष्य वाढवायला नाही. मुख्य डाव्या धमनीचा ब्लॉक किंवा कमजोर झालेलं हृदय हा वेगळा विषय.

खान्देशातली स्थिती

जळगाव, धुळे शहरात कॅथलॅब आहेत, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगाव नि नंदुरबारची नंतरची. तरी मोठ्या कामासाठी लोक नाशिक, संभाजीनगर, मुंबईला जातात, नंदुरबारवाले सुरत-भुसावळ लाईनची गाडी धरून सुरतला. सातपुड्यातल्या धडगाव, मोलगीकडच्या माणसाला अटॅक आला तर तासाभरात कॅथलॅब गाठणं अवघडच, आणि अशा ठिकाणासाठी २०१३ चा स्ट्रीम अभ्यास कामाचा आहे, जिथे आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन मग ६ ते २४ तासांत ॲन्जिओग्राफी केली, निकाल थेट ॲन्जिओप्लास्टीच्या जवळपास आला, फक्त मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त, म्हणून ७५ वर्षांवरच्यांना अर्धा डोस.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधवाल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, साधी ७,२६०, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांची ॲन्जिओप्लास्टी होते. पण ती किंमत-मर्यादा हृदयाच्या स्टेंटसाठी होती, पायाच्या नाही. पाय कापण्याआधी एकदा तरी धमन्यांची तपासणी व्हावी असं मार्गदर्शक सूचना सांगतात, प्रत्यक्षात काळं पडलेलं बोट घेऊन पेशंट उशिरा येतो, तोवर वाचवण्यासारखं थोडंच उरतं.

पाय उघडल्यावरही गोळ्या सुटत नाहीत, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि काहींना ॲस्पिरिनसोबत रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारोक्साबानचा २.५ मिलीग्रॅमचा छोटा डोस दिवसातून दोनदा, ज्याचा फायदा २०२० च्या व्हॉयेजर अभ्यासात पायाचं काम झालेल्या ६५६४ पेशंटमध्ये दिसला, रक्तस्राव मात्र थोडा वाढतो. ॲन्जिओग्राफीच्या डायने किडनीवर ताण येतो म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, आणि किडनी फारच कमजोर असेल तर पायाच्या धमन्या बघायला डायऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरता येतो, हृदय नि मेंदूकडच्या धमन्यांत मात्र तो सोडत नाहीत.