घटसर्पाच्या विषाला आपलीच जनुकं लागतात

नागपुरात सीताबर्डीच्या मेडिकल दुकानांतही 'इम्युनिटी' वाढवणाऱ्या पावडरी विकायला असतात. रोगातून तगतो तो बलवान, ही त्यामागची समजूत. जंतूंच्या विषातून वाचलेल्या पेशी तपासल्या तर मात्र अनेकदा त्यांच्यात काहीतरी कमी असल्याचं आढळतं.

घटसर्पाचं विष पेशीवरच्या एचबी-ईजीएफ या प्रथिनाला धरून आत शिरतं. उंदरात हे प्रथिन थोडं वेगळं असल्याने उंदीर वाचतो. आत विषाचं लक्ष्य ईएफ-२, म्हणजे प्रथिनं बांधणाऱ्या यंत्रणेला पुढे सरकवणारं प्रथिन. त्यातल्या हिस्टिडीन या एका अमिनो आम्लावर (प्रथिनाच्या घटकावर) पेशी स्वतःच टप्प्याटप्प्याने बदल करून त्याचं डिप्थामाइड नावाचं रूप घडवते. विष नेमकं तिथेच एडीपी-रायबोज हा रासायनिक गट चिकटवतं आणि प्रथिननिर्मिती बंद पडते. विषाच्या ए-तुकड्याचा (आत शिरून हे काम करणाऱ्या भागाचा) एकच रेणू पेशी मारायला पुरतो! पण डिप्थामाइड घडवणारं एखादं जनुक मोडलेलं असेल, तर ती पेशी जगते. (आपल्याला जनुकं मोडायची गरज नाही. लशीमुळे तयार होणारी प्रतिपिंडं विषाला पेशीबाहेरच अडवतात, आणि ही लस मनपाच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळते.)

विषाला लागणारी अशी जनुकं शोधताना अडचण येते, कारण पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात: एक मोडली तरी दुसरी काम चालवते. म्हणून २००९च्या प्रयोगात केबीएम७ या रक्तकर्करोगाच्या पेशी घेतल्या. त्यांच्यात आठवं सोडून प्रत्येक गुणसूत्र एकेकच असतं. त्यातून डब्ल्यूडीआर८५ हे डिप्थामाइडसाठी लागणारं नवं जनुक सापडलं.

आता क्रिस्पर, म्हणजे ठरलेल्या जागी डीएनए कापणारं तंत्र, दोन्ही प्रती मोडतं. २०,००० जनुकं, प्रत्येकी ४ गाइड आरएनए (कुठलं जनुक कापायचं ते दाखवणारे रेणू), म्हणजे ८०,००० गाइड. प्रत्येक गाइड ५०० पेशींत हवा, म्हणजे ४ कोटी पेशी. एका पेशीत दोन गाइड शिरले तर दोषी जनुक कळत नाही. म्हणून १० पेशींमागे ३ लेंटिव्हायरस (गाइड पेशीत पोचवणारा विषाणू) कण, एवढंच प्रमाण ठेवतात. मग जेमतेम २६ टक्के पेशींत गाइड पोचतो, म्हणून सुरुवात १५-१६ कोटींपासून. प्युरोमायसिन या औषधाने गाइड न पोचलेल्या पेशी मारायच्या, जनुक मोडण्याआधी बनलेलं प्रथिन संपेपर्यंत आठवडाभर थांबायचं, मग विष द्यायचं. शेवटी वाचलेल्या पेशींतले गाइड सिक्वेन्सिंगने (डीएनएचा क्रम वाचून) मोजून विष न दिलेल्या पेशींशी ताडायचे.

फसतं ते बहुधा मात्रेत. विष कमी पडलं तर साध्या पेशीही उरतात. जास्त झालं तर मूठभरच वाचतात आणि योगायोगाने वाढलेला गाइड महत्त्वाचा वाटू लागतो. जगण्यासाठी अत्यावश्यक जनुकं तर सुटतातच, कारण ती मोडलेल्या पेशी विषाआधीच मरतात.

म्हणून सापडलेलं प्रत्येक जनुक वेगळं मोडून पाहतात, मग त्याची शाबूत प्रत परत घालतात. पेशी पुन्हा विषाने मेली, तरच ते यादीत राहतं.