श्वासनलिकेभोवती रक्तवाहिन्यांचा वेढा

बाळाचा श्वास जन्मापासून घरघरतो, पिताना दम लागतो, झोपेत ते मान मागे ताणून धरतं. अशा बाळावर बरेचदा बाळदम्याचे उपचार होत राहतात आणि दोष निघतो महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत. गर्भात तिच्या कमानी दोन्ही बाजूंना असतात. विरून जायची ती विरली नाही, तर श्वासनलिका आणि अन्ननलिका दोहोंच्या कचाट्यात सापडतात.

ही दुहेरी कमान अठराव्या शतकापासून माहीत होती, पण शवविच्छेदनाच्या टेबलावर. कॅनडाच्या डॉक्टर मॉड अ‍ॅबट यांनी 1932 मध्ये अशा पाच रुग्णांची नोंद केली आणि शस्त्रक्रियेचा विचार मांडला. मात्र हृदयालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीला हात लावायला तेव्हा कोण धजावणार? बोस्टनचे शल्यचिकित्सक रॉबर्ट ग्रॉस यांनी 1938 मध्ये जन्मानंतर उघडी राहिलेली डक्टस (गर्भात महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी वाहिनी) यशस्वीपणे बांधली, तिथून धीर आला. 1945 मध्ये त्यांनीच दुहेरी कमान कापून वेढा सोडवला. तीन वर्षांनी त्यांनी श्वासनलिकेवर दाब देणारी धमनी न कापता टाक्यांनी उरोस्थीकडे, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडे, ओढून धरली. ही युक्ती मला जास्त हुशारीची वाटते. तिची सुधारित रूपं आजही वापरात आहेत.

डावी फुप्फुस धमनी वाट चुकून श्वासनलिकेमागून जाते, ते प्रकरण अधिक अवघड. बेरियम (एक्स-रेत उठून दिसणारं द्रावण) पाजून काढलेल्या एक्स-रेत इतर वेढ्यांची खाच अन्ननलिकेच्या मागच्या बाजूला दिसते, इथे ती पुढच्या बाजूला. शिकागोचे शल्यचिकित्सक विलिस पॉट्स यांनी ही धमनी कापून श्वासनलिकेच्या पुढून पुन्हा जोडली. त्याचा अहवाल 1954 मध्ये प्रसिद्ध झाला. पण अशा अनेक मुलांत श्वासनलिकाच अरुंद असते. तिच्या कूर्चा, म्हणजे तिला आधार देणारी लवचीक कडी, मागे उघड्या असायला हव्यात, त्या पूर्ण बांगडीसारख्या मिटलेल्या असतात. धमनी हलवून तिथे भागत नाही.

त्यावरचा तोडगा 1989 मध्ये लंडनहून आला. त्सांग, गोल्डस्ट्रॉ आणि सहकाऱ्यांनी अरुंद भाग मधोमध आडवा कापला, एक तुकडा पुढून तर दुसरा मागून उभा चिरला आणि दोन्ही एकमेकांवर सरकवून शिवले. त्या भागाची लांबी निम्मी होते, घेर दुप्पट.

वेढा सुटला तरी घरघर लगेच थांबेलच असं नाही. दाबाखाली वाढलेल्या कूर्चा मऊ राहतात, त्यांना बळ यायला काही महिने, कधी त्याहून जास्त काळ लागतो. पालकांना हे शस्त्रक्रियेआधीच सांगावं लागतं.