बीटा वेगळा, व्होल्टेज गेन वेगळा

भाचा भुसावळला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, परवा घरी आला तर मल्टिमीटरच्या एचएफई सॉकेटमध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर खोचला, २८० दिसलं आणि वहीत लिहून टाकलं, "मामा, गेन २८०". मग सर्किट जोडून १० मिलिव्होल्ट सिग्नल दिला तर बाहेर जेमतेम ३८ मिलिव्होल्ट, आणि पोरगा ट्रान्झिस्टरच बदलायला निघाला. थांब म्हटलं भाऊ, ट्रान्झिस्टर चांगला आहे.

एचएफई म्हणजे बीटा, म्हणजे कलेक्टर करंट भागिले बेस करंट (कलेक्टर, बेस, एमिटर हे ट्रान्झिस्टरचे तीन पाय). तो त्या एका नगाचा गुण, बीसी ५४७ मध्येच तो ११० पासून ८०० पर्यंत कुठेही निघतो. व्होल्टेज गेन, म्हणजे आउटपुट व्होल्टेज इनपुटच्या किती पट, हा मात्र तुम्ही कोणते रेझिस्टर लावले त्यावर ठरतो.

आमच्या सर्किटला सप्लाय १२ व्होल्ट, बेसला ४७ के आणि १० के (के म्हणजे किलोओहम) चा, व्होल्टेज विभागणारा डिव्हायडर, म्हणजे बेसवर साधारण २.१ व्होल्ट. त्यातून बेस-एमिटरमध्ये ०.६५ व्होल्ट गेले की एमिटरवर १.४५, एमिटर रेझिस्टर १ के, म्हणून करंट १.४५ मिलिअँप. बघा, यात बीटा कुठे आलाच नाही! आता कलेक्टरला ३.९ के, आणि ट्रान्झिस्टरच्या आतला एमिटर रेझिस्टन्स २६ मिलिव्होल्ट (थर्मल व्होल्टेज, तापमानावर ठरणारं) भागिले १.४५ मिलिअँप, म्हणजे १८ ओहम (आपल्याकडच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीला, २६ ऐवजी २७ च्या पुढे धरा). गेन म्हणजे ३९०० भागिले १०१८, ३.८ च्या आसपास, आउटपुट उलट फेजमध्ये. तेच ३८ मिलिव्होल्ट.

एमिटरच्या १ के ला समांतर १०० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला की सिग्नलपुरता तो १ के गायब, उरतात १८ ओहम, आणि गेन थेट २१७ च्या घरात. मग इनपुट १-२ मिलिव्होल्टच ठेवा, नाहीतर वेव्ह वाकडी होते. पुढे १० के चा लोड जोडला तर ३.९ के शी समांतर धरून २.८ के होतात, गेन १५६ वर येतो, हे पोरं हमखास विसरतात.

मग बीटा कामाचाच नाही का? आहे ना, इनपुटला. कपॅसिटर लावल्यावर बेसमधून दिसणारा रेझिस्टन्स २८० गुणिले १८, म्हणजे ५ के, डिव्हायडर समांतर धरून ३.१ के. सिग्नल देणाऱ्याचा स्वतःचा रेझिस्टन्स १० के असेल तर पाऊण सिग्नल बेसपर्यंत पोचतच नाही, आणि २१७ चे हातात ५० च्या आसपास राहतात.