कोलेस्टेरॉल बनवणारा शेवटचा हात: डीएचसीआर७ जीनची पार्श्वभूमी

मडगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतेय त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो, "बाय, कोलेस्टेरॉल वाडलां?" श्रावण-चवथ संपून नुस्तं (मासे) परत सुरू झालं की तर रांगच लागते. दोष सगळा सुंगटांवर (कोळंबीवर) नाहीतर नारळावर. नारळात खरं तर कोलेस्टेरॉल नसतंच, झाडापाल्यात ते जवळजवळ नसतंच, खोबऱ्यातल्या चरबीमुळे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढू शकतं तो विषय वेगळा. आणि कोणाचा आकडा खूप कमी आला की माणूस खुशीत रिपोर्ट घडी घालून खिशात टाकतो. मला मात्र अशा वेळी ती मुलं आठवतात ज्यांच्या शरीराला कोलेस्टेरॉल नीट बनवताच येत नाही. त्यांची गोष्ट आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही म्हणून हे लिहितेय.

सुरुवात १९६४ ची. अमेरिकेत विस्कॉन्सिनला डेव्हिड स्मिथ, लुक लेमली आणि जॉन ओपिट्झ या तीन डॉक्टरांनी तीन मुलग्यांबद्दल लिहिलं. तिघं एकमेकांचे कोणी लागत नव्हते पण दिसायला सारखे: डोकं लहान, पापण्या खाली उतरलेल्या, नाक वर वळलेलं, वाढ खुंटलेली, लघवीच्या जागेची रचना अर्धवट, बौद्धिक वाढ मंद. पुढे अशी आणखी मुलं सापडत गेली तसं लक्षात आलं की बहुतेकांच्या पायाचं दुसरं आणि तिसरं बोट कातडीनं जोडलेलं असतं. (नुसती बोटं जोडलेली बघून कोणी घाबरू नका, चांगल्या धडधाकट माणसांचीही असतात.) ओपिट्झ या आजाराला आरएसएच म्हणायचे, पहिल्या तीन कुटुंबांच्या आडनावांची पहिली अक्षरं. जगानं मात्र डॉक्टरांची नावं उचलली आणि स्मिथ-लेमली-ओपिट्झ सिंड्रोम हेच नाव रूढ झालं.

आता गंमत बघा, त्याच १९६४ साली कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना नोबेल मिळालं, आणि ते कशासाठी, तर शरीर कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड कसं बनवतं ते शोधल्याबद्दल. दोन कार्बनच्या छोट्या तुकड्यापासून सुरुवात करून एकापाठोपाठ एक जवळजवळ तीस पायऱ्या, आणि त्या पार पाडायला वेगवेगळी एन्झाइम (शरीरातली रासायनिक कामं करणारी प्रोटीन). त्यातल्या एका वाटेवर शेवटून दुसरा पदार्थ आहे सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉल, आणि त्यातला एक डबल बाँड (अणूंमधला दुहेरी जोड) काढला की झालं कोलेस्टेरॉल. हे शेवटचं काम करतो तो डीएचसीआर७ जीनमधून बनणारा एन्झाइम. त्याच दशकात फ्रान्समध्ये रू नावाचे संशोधक गाभण उंदरिणींना कोलेस्टेरॉल बनणं अडवणारी औषधं देऊन बघत होते, एवाय ९९४४ हे त्यातलं एक आणि ते नेमकं हीच शेवटची पायरी अडवतं, आणि त्यांची पिल्लं मेंदू-चेहऱ्याच्या भयंकर दोषांसकट जन्मत होती. म्हणजे तीनही धागे एकाच काळात समोर होते, मुलं एका टेबलावर, रसायन दुसऱ्या आणि उंदीर तिसऱ्या, आणि कोणी ते जोडले नाहीत, तब्बल २९ वर्षं. मला याचं दरवेळी वाईट वाटतं, कारण त्या काळात जन्मलेल्या मुलांच्या आईबापांना "असंच असतं, कारण माहीत नाही" एवढंच ऐकावं लागलं असणार.

गाठ सुटली १९९३ ला. बॉस्टनच्या मिरा आयरन्स आणि न्यू जर्सीचे स्टीफन टिंट, जेराल्ड सालेन वगैरे मंडळींनी या आजाराच्या मुलांच्या रक्तातले स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतले पदार्थ) एकेक वेगळे करून मोजले. कोलेस्टेरॉल फार कमी, आणि एरवी नावापुरतं असणारं सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉल शेकडो-हजारो पटींनी जास्त. नळ शेवटच्या तोटीला तुंबला की मागे पाणी साठतं तसं. जन्मजात व्यंगांचा एवढा मोठा पसारा एका साध्या रासायनिक पायरीमुळे होतो हे तोवर फारसं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

मग १९९८ ला ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या ग्लॉसमन यांच्या गटानं माणसाचा हा जीन वेगळा केला आणि त्याच वर्षी तिथल्या, अमेरिकेतल्या आणि नेदरलँड्समधल्या अशा तीन गटांनी रुग्णांमधले बिघाड दाखवले. जीन आहे ११ व्या क्रोमोसोमवर, त्यातून ४७५ अमिनो ॲसिडचं प्रोटीन बनतं. आजवर दीडशेच्या वर बिघाड सापडलेत, सगळ्यात जास्त दिसणारा जीनच्या लिपीतल्या एका अक्षराचा आहे, पण ते अक्षर अशा नाक्यावर बसलंय की ते बदललं की संदेशात १३४ अक्षरं फुकटची घुसतात आणि एन्झाइम निकामी होतं. आई आणि बाबा दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडतं. एकेकच बिघडलेली प्रत असलेले आईबाप स्वतः ठणठणीत असतात, त्यांना पत्ताही नसतो. उत्तर युरोपातल्या वंशाच्या लोकांत शंभरात एक-दोघं असे वाहक असतात, आपल्या भारतातून केसेस आल्यात पण मोजक्या.

आता मुख्य प्रश्न, कोलेस्टेरॉल नसलं तर बोटं का जुळतात, मेंदू का अर्धवट राहतो? याचं एक मोठं उत्तर १९९६ ला फिलिप बीची यांच्या लॅबमधून आलं. गर्भात कुठे काय बनायचं याचे निरोप देणारं हेजहॉग नावाचं प्रोटीन असतं, आणि त्याला कोलेस्टेरॉलचा एक रेणू चक्क चिकटवलेला असतो, इतक्या घट्ट की तो त्या प्रोटीनचाच भाग होतो. पुढे कळलं की निरोप घेणाऱ्या पेशीलाही तो समजायला कोलेस्टेरॉल लागतं. म्हणजे हृदयाच्या नळीत साचणारा कचरा एवढीच ज्याची आपल्याकडे ओळख, तो पदार्थ पोटातल्या बाळाचा चेहरा आणि हातपाय घडवायच्या कामावर असतो. शिवाय प्रत्येक पेशीचं आवरण, पित्त, स्टिरॉइड हार्मोन्स, सगळीकडे तोच.

उपचार म्हणून या मुलांना कोलेस्टेरॉल खायला देतात, अंड्याचा पिवळा बलक किंवा शुद्ध पावडर. काहींचं वजन-उंची सुधारते. पण रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूत शिरत नाही, मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो आणि तिथेही तोच जीन बिघडलेला, त्यामुळे गर्भात जे राहून गेलं ते भरून येत नाही. आणि साचलेलं सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉल स्वतःही त्रास देतं, ते पटकन ऑक्सिडाइज होऊन विषारी पदार्थ बनतात. यातल्या बऱ्याच मुलांची कातडी उन्हात काही मिनिटांत भाजते, आपल्या गोव्याच्या मे महिन्यात अशा लेकराला सांभाळायचं म्हणजे काय ते नुसतं मनात आणा.

उन्हाचा आणखी एक संबंध आहे. तेच सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉल आपल्या कातडीत ऊन लागून व्हिटॅमिन डी बनतं. म्हणजे हा जीन तिठ्यावर उभा आहे, एक वाट कोलेस्टेरॉलकडे, एक व्हिटॅमिन डी कडे. २०१० ला ३० हजारांहून जास्त लोकांच्या अभ्यासात या जीनजवळचे छोटे फरक आणि रक्तातलं व्हिटॅमिन डी यांचं नातं दिसलं. अॅरिपिप्राझोल, ट्रॅझोडोन अशी काही मानसिक आजारांवरची औषधंही या एन्झाइमला अडवतात, म्हणून गरोदरपणात ती किती सुरक्षित यावर काम चाललंय. ज्यांना ती चालू आहेत त्यांनी वाचून स्वतःच्या मनानं बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं.

आणि आमच्या धंद्यातली एक गोष्ट. आमचं रोजचं मशीन कोलेस्टेरॉल मोजताना सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉललाही त्यातच धरतं, शिवाय काही मुलांचा आकडा मुळातच नॉर्मल असतो, त्यामुळे साध्या लिपिड प्रोफाइलवर हा आजार निसटू शकतो. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री नावाची तपासणी लागते जी स्टेरॉल वेगळे करून दाखवते, आणि डॉक्टरांना शंका आली असेल तर त्यांनी चिठ्ठीवर सेव्हन-डीएचसी (सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉलचं छोटं नाव) असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं, नुसतं कोलेस्टेरॉल लिहिलं तर आम्ही नुसतं कोलेस्टेरॉलच करतो.