बॉयलर पेटला, पुढे काय?

दसऱ्याच्या आसपास पेपरात साखर कारखान्यांच्या 'बॉयलर अग्निप्रदीपन' अशा बातम्या येतात बघा, चेअरमन सपत्नीक पूजा करतायत वगैरे. फोटो सगळे बघतात, पण त्या बॉयलरची वाफ दोनदा कामाला येते हे फार कुणाला माहीत नसतं.

खाण्याच्या वस्तू बनवणाऱ्या फॅक्टरीला फार गरम वाफ लागतच नाही. घरच्या कुकरमधे साधारण १२० डिग्री असतं ना, डबाबंद मटार किंवा मासे करणाऱ्यांचं पण १२१ डिग्रीत भागतं, फक्त त्यांचा कुकर खोलीएवढा असतो, त्याला रिटॉर्ट म्हणतात. आता एवढ्यासाठी भट्टीत भयंकर जाळ करायचा आणि थेट शिजवायला लावायचा म्हणजे पैसे जाळणंच झालं. त्यापेक्षा वाफ जास्त प्रेशरची, ५०० डिग्रीच्या आसपासची करायची, आधी टर्बाइन फिरवून वीज काढून घ्यायची आणि मग ती दमलेली वाफ शिजवायला द्यायची. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात, बोलताना सगळे को-जनच म्हणतात.

नुसत्या कोळशाच्या वीजकेंद्रात उष्णतेतली ३५-४० टक्केच वीज होते, बाकी बरीचशी कूलिंग टॉवरमधून हवेत जाते, कारण किलोभर वाफेचं १०० डिग्रीला पाणी होताना २२५७ किलोज्यूल बाहेर पडतात आणि ते तिथे कुणालाच नको असतात. साखर कारखान्याला मात्र नेमके तेच हवे असतात! उसात ७० टक्के पाणी, ते आटवायचं कशावर? टर्बाइनमधून आलेली वाफ इव्हॅपोरेटरच्या पहिल्या भांड्याला, त्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी चार-पाच भांडी. ही युक्ती नॉर्बर्ट रिलियू या इंजिनियरची, अमेरिकेतल्या लुइझियानातली, १८४० च्या दशकातली. जळण म्हणाल तर टनभर उसामागे तीनशेएक किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, निघतं, निम्मं ओलं असतं तरी जळतं. जुने बॉयलर २१ बारचे होते (बार म्हणजे प्रेशरचं माप), आता ६७, ८७, ११० बारचे आले, त्यामुळे तेवढ्याच बगॅसमधे वीज कितीतरी जास्त निघते, कारखान्याला लागून उरलेली ग्रीडला विकता येते.

मग कोकणातल्या आंबा पल्पवाल्यांनी का नाही करायचं? एकतर आंबा आंबट, त्यामुळे १२१ डिग्री लागत नाहीत, १०० डिग्रीच्या आतबाहेर काम होतं, वाफ थोडीच लागते, त्यात सीझन दोनेक महिन्यांचा, टर्बाइन उरलेलं वर्ष नुसतं गंजत बसेल. डेअरीचं जमू शकतं, तिथे वाफ बारा महिने लागते. साखर कारखाना पण चार-पाच महिनेच चालतो म्हणा, पण त्याचं जळण घरचं.