आशा आणि ‘सगळं ठीक होईल’ यांची गल्लत

आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला गेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “फक्त विश्वास ठेवा, सगळं ठीक होईल.” बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण ख्रिस्ती आशा या वाक्यात मावत नाही. तरी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हल्ली दोन्ही एकच धरून चालतात, आणि त्याचा त्रास शेवटी आजाऱ्यालाच होतो.

‘सगळं ठीक होईल’ हे सगळ्यांच्या ओळखीचं. रिपोर्ट नॉर्मल येईल, नोकरी टिकेल, पाऊस वेळेवर पडेल. त्यानं धीर येतो, वाईट काहीच नाही.  

अडतं ते इथे: भरवसा निकालावर आहे की देवावर? बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढा. राजाच्या मूर्तीपुढे न वाकणाऱ्याला पेटत्या भट्टीत टाकायचा हुकूम आहे. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हांला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. आणि लगेच पुढे: त्यानं नाही सोडवलं, तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. हे बोलताना पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक नव्हतं. आपण मात्र साक्ष देताना थेट सुटकेवर येतो आणि ‘नाही सोडवलं तरी’ गाळून टाकतो. ख्रिस्ती आशा नेमकी त्या गाळलेल्या शब्दांत आहे.

यिर्मया 29:11चंही तेच. देवाच्या मनातले हिताचे संकल्प दर दुसऱ्या कॅलेंडरवर छापलेले असतात. त्याच्या वरचंच वचन कोणी छापत नाही, कारण त्यात बाबेलातल्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत. ज्या बंदिवानांना यिर्मयाचं हे पत्र गेलं त्यांतले बहुतेक जण परत यायला जगणारच नव्हते. तरी त्यांना घरं बांधायला आणि बागा लावायला सांगितलं होतं.

मग भीतीचं काय? ‘भीती वाटते म्हणजे विश्वास कमी’ हे मला मुळीच मान्य नाही. ‘भिऊ नको’ बायबलमध्ये 365 वेळा आहे, रोजचं एक, हा फॉरवर्डही आता थांबवा. मोजायला बसलात तर तेवढे भरत नाहीत. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला सरळ लिहितो की बाहेर भांडणं होती आणि आत भीती. येशूनं शिष्यांना स्वतःची शांती देऊ केली, आणि त्याच रात्री, पकडला जाण्याआधी, गेथशेमाने बागेत जमिनीवर पडून हा दुःखाचा प्याला टळू दे म्हणून विनवलं. त्याचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

पौलानंही ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, काढून टाकावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे, एवढंच उत्तर मिळालं. तरी आजारी माणूस बरा झाला नाही की “विश्वास कमी पडला” म्हणणारे निघतातच. रडणाऱ्या घरात असं बोलणं मला क्रूर वाटतं. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, केडगावच्या मुक्ती मिशनमधला त्यांचा उजवा हात, 1921 साली गेली. रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या, आणि शेवटपर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या. त्यांच्या विश्वासात काय कमी होतं, ते दाखवून द्या.

तेव्हा बरं होण्यासाठी प्रार्थना जरूर करा, मोकळेपणानं करा. पण वॉर्डात जाताना स्तोत्र 56 जवळ असू द्या, ज्यात गाणारा भीती वाटते हे कबूल करून देवावर भाव ठेवतो. आणि आजारी माणूस हळूच मृत्युपत्राचा विषय काढायला लागला, तर “असं अभद्र बोलू नका” म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. खुर्ची जवळ ओढा आणि कोणाला बोलवायचंय ते विचारा.