बेसो (तारावा): महायुद्धातली लढाई आणि तिथले अवशेष

बेसो हे प्रशांत महासागरातल्या तारावा कंकणद्वीपाचं नैऋत्येकडचं टोक. आज ते किरिबास देशात येतं. नकाशात बऱ्याचदा बेटिओ आणि किरिबाटी असं लिहितात, पण तिथल्या भाषेत इ च्या आधीच्या ट चा उच्चार स होतो, त्यामुळे या नोंदीत स्थानिक उच्चारच धरलाय. बेट अगदी चिंचोळं, लांबी जेमतेम साडेतीन-चार किलोमीटर.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी गिल्बर्ट बेटांवर (तारावा यांतलंच) आले, पण बेसोवर पक्का तळ पडला तो ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकनांनी याच बेटांतल्या माकिनवर छापा घातल्यावर. ऑक्टोबर १९४२ मध्ये इथे २२ कैद्यांना मारलं, त्यात बरेचसे न्यूझीलंडचे किनारा-टेहळणीवाले होते. त्यांचं स्मारक बेटावर आहे. तटबंदी आणि धावपट्टी बांधायला कोरियन मजूर आणले होते.

२० ते २३ नोव्हेंबर १९४३ अशी ७६ तास लढाई चालली. सुमारे हजार अमेरिकन मारले गेले. साडेचार हजारांच्या आसपास असलेल्या जपानी बाजूतले जिवंत हाती लागले फक्त १७ जपानी आणि १२९ कोरियन.

एवढी माणसं का गेली तर मुख्य कारण पाणी. सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या अमेरिकन होड्यांना साधारण सव्वा मीटर खोली लागायची आणि प्रवाळाच्या कड्यावर तेवढं पाणी चढलंच नाही, मग शेकडो मीटर छातीभर पाण्यातून मशीनगनच्या माऱ्यात चालत जावं लागलं. तारावावर आधी राहिलेल्या एका मेजरनं पाणी पुरणार नाही असं बजावलं होतं. याला बरीच वर्षं 'लहरी भरती' म्हटलं गेलं. १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या भौतिकशास्त्रज्ञानं गणित मांडलं की चंद्र वद्य अष्टमीच्या आसपास होता आणि त्याच सुमाराला पृथ्वीपासून लांबही, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या शब्दात भांगाचं पाणी (अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती) आणि तेही नेहमीपेक्षा कमजोर. हे स्पष्टीकरण जास्त पटतं, लहरीपणा मानायची गरजच उरत नाही.

जपानी सेनापती शिबासाकी केव्हा मेला यावरही दोन मतं आहेत. जुन्या लेखनात तो शेवटपर्यंत बंकरमध्ये लढला असं येतं, नंतरच्या अभ्यासात मात्र पहिल्याच दुपारी ठाणं बदलताना जहाजावरच्या तोफांच्या माऱ्यात गेला असं धरतात, आणि पहिल्या रात्री मोठा प्रतिहल्ला का झाला नाही याचा उलगडा त्यानेच होतो.

अवशेषांमध्ये सगळ्यात जास्त वाद आठ इंची किनारी तोफांचा. चार तोफा होत्या, बेटाच्या टोकांकडे बसवलेल्या, आणि गंजलेल्या नळ्या समुद्राकडे तोंड करून अजून दिसतात. सिंगापूर पडल्यावर ब्रिटिशांकडून हिसकावलेल्या तोफा इथे आणल्या ही गोष्ट लढाईनंतर लगेच पसरली आणि अजूनही सांगितली जाते. तोफा ब्रिटिश बनावटीच्या आहेत एवढंच त्यात खरं. १९७० च्या दशकात विल्यम बार्ट्श यांनी तोफांवर कोरलेले नंबर कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा त्या विकर्स कंपनीनं १९०५ मध्ये, रशिया-जपान युद्धाच्या काळात, जपानला रीतसर विकलेल्या निघाल्या. आठवणींपेक्षा धातूवरचा नंबर भक्कम पुरावा आहे, त्यामुळे सिंगापूरची गोष्ट आता सोडूनच द्यायला हवी.

बाकी शिबासाकीचं काँक्रीटचं ठाणं उभं आहे, भिंतींना गोळ्यांचे खड्डे पडलेत. ओहोटीला कड्यावर रणगाड्याचा गंजका सांगाडा उघडा पडतो. पण हे काही राखीव मैदान नाही, एवढ्याशा जागेत आज १५ हजारांवर लोक राहतात, बंकरला लागून घरं आहेत, आणि पाया खणताना न फुटलेले गोळे नि हाडं निघतात. घाईत पुरलेल्या सैनिकांच्या कबरींच्या जागा युद्धानंतरच्या बांधकामात हरवल्या होत्या. २०१५ मध्ये त्यातली एक सापडली, ३० हून जास्त सैनिकांचे अवशेष निघाले, त्यात मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेला लेफ्टनंट अलेक्झांडर बॉनिमनही होता. त्याला त्याच वर्षी घरी नेऊन टेनेसीत पुरलं.